मठ कोणी बंद पाडला?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात बंड्यानं एक फोटो टाकला. वाळूत अर्धवट बुडालेल्या भिंती, वर छप्पर नाही, आणि खाली ठळक अक्षरांत मजकूर: सौदी अरेबियात एके काळी चर्च होती, मठ होते, एका रात्रीत सगळं कापून काढलं, उद्या आपली पाळी आहे, जागे व्हा, किमान वीस जणांना पाठवा. त्याखाली बंड्याची स्वतःची भर: "तू तिथेच आहेस ना रे? खरं की खोटं सांग."

मी इथेच आहे, बंड्या. आणि फोटोही खरा आहे. ते जुबैलचं चर्च आहे, माझ्या घरापासून गाडीनं तास-सव्वा तासावर. मजकुरातलं 'चर्च होती, मठ होते' हेही बरोबर. माझं भांडण फक्त 'एका रात्रीत' या दोन शब्दांशी आहे. ग्रुपवर मी तेव्हा काही लिहिलं नाही, कारण तिथे चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की लोक 'लय भारी' असा अंगठा टाकून पुढे जातात. म्हणून इथे सविस्तर.

आधी माझ्या धंद्याबद्दल एक वाक्य, कारण त्याचा इथे संबंध आहे. समुद्राच्या पाण्याचे पाइप आणि टाक्या का गंजतात, का फुटतात, याचा तपास करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पाइप फुटला की साहेब लोकांचा पहिला प्रश्न असतो, "काल रात्री पाळीवर कोण होतं?" आणि तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बहुतेक वेळा दिसतं की भिंत आतून सहा-सात वर्षं पातळ होत आली होती. काल रात्री पाळीवरच्या माणसानं व्हॉल्व जरा जोरात फिरवला एवढंच. तो निर्दोष आहे असं मी कधीच लिहीत नाही. पण अहवालात पहिलं पान त्याच्यावर खर्च करत नाही.

आता जुबैल. हे चर्च १९८६ साली वाळूत सापडलं. भिंतींनी वेढलेलं अंगण, पूर्वेच्या टोकाला तीन खोल्या, भिंतींच्या गिलाव्यावर क्रूसांच्या खुणा. सापडल्यावर त्याला कुंपण पडलं आणि बाहेरच्यांना ते पाहायची परवानगी मिळेना. मी एका शुक्रवारी एका केरळी सहकाऱ्याला घेऊन गेलो तेव्हा आम्हाला जे दिसलं ते मुख्यतः कुंपण. सहकारी सीरियन ख्रिश्चन. गाडीतून उतरून दोन मिनिटं गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "चल, ऊन फार आहे." बस. हे चर्च चौथ्या शतकातलं, असं सगळीकडे छापलेलं असतं. काही अभ्यासक मात्र गिलाव्यावरच्या नक्षीच्या शैलीवरून ते पुष्कळ नंतरचं, अगदी इस्लाम आल्यानंतरचंही असू शकेल असं म्हणतात. हा वाद किरकोळ वाटतो, पण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. 'एका रात्रीत' म्हणायचं तर इमारत त्या रात्रीच्या आधीची असायला हवी ना!

या किनाऱ्याचं सिरियाक भाषेतलं जुनं नाव बेथ कत्राये. आजचा कतार, बहरीन आणि सौदीचा हा पूर्व किनारा, सगळं मिळून. इथला धर्म रोमच्या पोपच्या हाताखालचा नव्हता. आजच्या बगदादजवळच्या सेलुसिया-क्तेसिफोनला बसणारा कॅथोलिकॉस हा त्यांचा मुख्य धर्मगुरू, आणि त्यांची ओळख 'पूर्वेचं चर्च'. इ.स. ४१० च्या धर्मसभेच्या कागदांत या बेटांच्या बिशपचा उल्लेख येतो. म्हणजे तेव्हा इथे बिशप लागावा एवढी वस्ती होती. तिला पैसा कुठून आला? मोत्यांतून आणि बंदरांतून. युरोपातल्या बेनेडिक्टिन मठांना जशी शेतं, गिरण्या आणि मेंढ्या पोसत, तसं इथे समुद्र पोसत असे. भिक्षू प्रार्थना करत, बाजूच्या गावात पाणबुडे मोती काढत. संयुक्त अरब अमिरातीतल्या सिनिया बेटावर मठ सापडल्याचं २०२२ साली जाहीर झालं आणि पुढच्याच वर्षी त्याच बेटावर मोती काढणाऱ्यांचं अख्खं गाव सापडल्याची बातमी आली. शेजार काही योगायोगाचा नव्हता.

कतीफपासून जवळच तारूत नावाचं बेट आहे. आता पुलानं जोडलेलं आहे, त्यामुळे बेट म्हणायचं ते नकाशापुरतं. त्याच्या दक्षिणेला दारीन. मासेमारीच्या होड्या, जाळी, उन्हात वाळणाऱ्या दोऱ्या, चहाची टपरी. मला हे गाव फार आवडतं, थोडं आपल्या मुरुड-हर्णैची आठवण करून देतं (आता सोलकढी मिळत नाही, असो). या दारीनला इ.स. ६७६ च्या मे महिन्यात पूर्वेच्या चर्चची धर्मसभा भरली. कॅथोलिकॉस गिवर्गिस पहिला स्वतः इथवर आला होता. मंडळी, तारीख नीट बघा. प्रेषित मुहम्मदांचं निधन ६३२ चं. म्हणजे अरबस्तानाच्या किनाऱ्यावर, उमय्यांचं राज्य असताना, चव्वेचाळीस वर्षांनी बिशप जमून ठराव करताहेत. आणि ठराव कसले? विवाह पुरोहितासमोर व्हावा, एकापेक्षा अधिक बायका करू नयेत, प्रार्थनेतून उठून थेट ज्यू लोकांच्या गुत्त्यात प्यायला जाऊ नये, मृतांना भारी वस्त्रांत पुरण्याची उधळपट्टी करू नये. आपल्या गावच्या पंचांचं इतिवृत्त वाचतोय असं वाटावं. ज्यांच्या मानेवर तलवार आहे ती माणसं दारूच्या गुत्त्यावर ठराव करत नाहीत. ज्यांची माणसं हळूहळू हातातून सुटताहेत ती करतात.

गिवर्गिसाला इथे यावं का लागलं? कारण घरात भाऊबंदकी माजली होती. त्याच्या आधीचा कॅथोलिकॉस ईशोयाब तिसरा, इ.स. ६४९ ते ६५९ गादीवर. त्याची पत्रं आजही उपलब्ध आहेत. फार्सचा मुख्य बिशप शिमोन त्याला जुमानत नव्हता, आणि फार्सच्या मागोमाग बेथ कत्रायेचे बिशपही फुटले होते. ईशोयाब बिशपांना लिहितो, लोकांना लिहितो, शेवटी भिक्षूंनाही लिहितो. त्या पत्रव्यवहारातला एक भाग तर बंड्याच्या फॉरवर्डखाली चिकटवून टाकावा असा आहे. ओमानच्या बाजूच्या, माझून प्रांतातल्या ख्रिश्चनांनी धर्म सोडला होता. ईशोयाब शिमोनाला विचारतो, त्यांच्यावर कुणी तलवार धरली होती का? अरब तर आपल्या पुरोहितांना मान देतात, चर्चना आणि मठांना मदत करतात. तुमच्या लोकांना फक्त अर्धी मालमत्ता देऊन धर्म राखता आला असता, आणि त्यांनी अर्धी मालमत्ता राखून धर्म सोडला. हा त्याच्या म्हणण्याचा आशय. आणि दोष तो कुणाला देतो? शिमोनाला! तू बिशपगिरीच्या मानपानात गुंतलास, माणसांकडे पाहिलं नाहीस, म्हणून. त्याच भांडणामुळे हिंदुस्थानातल्या लोकांना बिशप मिळेनासे झाले, हेही तो सुनावतो.

इथे पुण्यातला माझा एक मित्र (पुरोगामी, आणि बंड्याइतकाच घाईचा) लगेच म्हणेल, बघ, म्हणजे जबरदस्ती झालीच नाही. थांब जरा. अर्धी मालमत्ता मागणं ही जबरदस्तीच असते. डोईपट्टी ही दरवर्षी दारात उभी राहणारी जबरदस्ती असते. पैसे देऊ शकणाऱ्याला ती कर वाटते आणि न देऊ शकणाऱ्याला शिक्षा. हे नाकारायचं कारण नाही. शिवाय ईशोयाब नव्या राज्यकर्त्यांशी जुळवून घेऊ पाहणारा मुत्सद्दी होता, त्याच्या स्तुतीत तेवढी काटछाट करायला हवी. पण घटनेच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूस, ज्याचं स्वतःचं नुकसान झालंय असा माणूस, जेव्हा बाहेरच्याकडे बोट दाखवणं सोपं असूनही आपल्याच माणसाची कानउघाडणी करतो, तेव्हा तेराशे-चौदाशे वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून आपण त्याच्यापेक्षा जास्त जाणतो असं समजू नये.

उत्खननं काय म्हणतात? अबू धाबीजवळच्या सीर बनी यास बेटावरचा मठ १९९२ साली सापडला. तिथे जाळपोळीच्या, मोडतोडीच्या खुणा नाहीत. लोक निघून गेले. सिनियाचा मठ सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होता, आणि तोही शांतपणे ओस पडला. बहरीनच्या समाहीज गावात, एका जुन्या मशिदीच्या अवशेषांखाली, ख्रिश्चनांची आठ खोल्यांची इमारत मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. स्वयंपाकघर आहे, जेवायची खोली आहे, बिशपचं घर असावं असा अंदाज आहे, आणि वापर चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकापर्यंत. रॉबर्ट कार्टर या पुरातत्त्वज्ञानं तर २००८ साली खापरांच्या आणि गिलाव्याच्या आधारे मांडलं की आखातातल्या या मठांपैकी बऱ्याच इमारती इस्लाम आल्यानंतरच्याच आहेत. म्हणजे नव्या राजवटीत मठ नुसते तगले नाहीत, काही ठिकाणी नव्यानं बांधलेही गेले. आणि मग शे-दीडशे वर्षांत ओस.

या मठांचा शेवट डोळ्यांसमोर आणून पाहा. मोत्यांचा व्यापारी पूर्वी मठाला दरसाल काहीतरी देत असे. त्याचा मुलगा धर्म बदलतो, कारण कर वाचतो, बाजारात वजन वाढतं, सोयरीक चांगली जमते. तो मठ जाळत नाही, आजीच्या आठवणीखातर दोन-चार वर्षं देतोही थोडंफार. त्याचा मुलगा देत नाही. मठात वीस जण होते तिथे बारा उरतात, मग पाच. भिंतीचा गिलावा पडतो, तो पुन्हा लावत नाहीत. शेवटचे दोघे होडीत बसून इराकच्या मठात जातात. हे दृश्य माझ्या कल्पनेतलं आहे, पण गंजलेल्या पाइपांचा तपास करणाऱ्या माणसाला ते ओळखीचं वाटतं.

जाता जाता: याच बेथ कत्रायेत जन्मलेला इस्हाक नावाचा भिक्षू. गिवर्गिसानं त्याला निनवेचा बिशप केला. पाच महिन्यांत राजीनामा देऊन साहेब डोंगरात निघून गेले. त्याचं लिखाण पुढे ग्रीकमध्ये गेलं, रशियापर्यंत पोचलं, आजही वाचलं जातं. त्याच्या जन्मभूमीचा जो भाग आज सौदीत आहे, तिथे मात्र त्याच्या धर्माचं एकही उघडं चर्च आज नाही. सौदीत मुस्लिमेतरांना सार्वजनिक उपासनेची जागा नाही. हे मला फॉरवर्डमधून कळायची गरज नाही, मी इथे राहतो. आणि कुंपण घालून अवशेष झाकणाऱ्या वृत्तीबद्दल मला कसलीही सहानुभूती नाही. आपल्याच भूमीचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास लपवण्यात कसली आलीय श्रद्धा? २०१९ पासून या देशानं पर्यटक व्हिसा सुरू केला, नजरानजवळच्या हिमाच्या कोरीव शिळा २०२१ साली जागतिक वारशात गेल्या, त्या शिळांवर क्रूससुद्धा आहेत. वारं बदलतंय. जुबैलच्या कुंपणाला दार कधी लागतं ते बघू. पण आजच्या सौदीचा कायदा आठव्या शतकातल्या मठाला लावून त्याचा मृत्यू सांगता येत नाही.

आता बंड्याच्या बाजूनं जे बोलायला हवं ते बोलतो. नजरानला इ.स. ५२३ मध्ये खरोखर कत्तल झाली. करणारा हिम्यरचा ज्यू राजा यूसुफ, अरबी परंपरेतला धू नुवास. म्हणजे तेव्हा इस्लाम जन्मालाही आलेला नव्हता. शेकडो माणसं मारली गेली. पण एवढं होऊनही नजरानचे ख्रिश्चन संपले नाहीत, शंभरेक वर्षांनी त्यांचं शिष्टमंडळ मदिनेला प्रेषितांना भेटायला गेल्याची परंपरा सांगते. पुढे खलिफा उमरच्या काळात त्यांना इराककडे हलवल्याचं अरबी इतिहासकारच लिहितात. कत्तलीनं जे झालं नाही ते माणसं उचलून दुसरीकडे नेल्यानं बरंचसं झालं. हिंसेचा हिशेब चुकवायचा नाही, पण तिनं नेमकं काय साधलं आणि काय साधलं नाही हे तपासायला हवं.

आणि मठ खरोखर एका दिवसात बंद होतात का? होतात. मी डॉक्टरेटसाठी लीड्सला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी यॉर्कला जात असे. तिथे बागेत सेंट मेरीज अ‍ॅबीची एक उंच भिंत उभी आहे, कमानींच्या रिकाम्या चौकटींतून आभाळ दिसतं. अकराव्या शतकातला बेनेडिक्टिन मठ, उत्तर इंग्लंडमधला सर्वांत श्रीमंत. एवढा श्रीमंत, की ११३२ साली त्यातलेच तेरा साधू 'इथे नियम पाळले जात नाहीत' म्हणून भांडून बाहेर पडले आणि त्यांनी फाउंटन्सचा मठ काढला. आणि १५३९ साली आठव्या हेन्रीच्या अधिकाऱ्यांपुढे सेंट मेरीजच्या मठाधिपतीनं कागदावर सही केली. मठ संपला. साधूंना पेन्शन मिळालं (हो, पेन्शन!), मठाधिपतीचं घर राजाकडे गेलं, दगड पुढे गावानं नेले. बंद पाडणारा राजा त्यांच्याच देशाचा, त्यांच्याच धर्मातला. चारशे वर्षांचा मठ एका सहीनं बंद होतो आणि शहर दुसऱ्या दिवशी बाजार भरवतं, ते का? कारण तोवर मठ म्हणजे शहराच्या लेखी एक मोठा जमीनदार उरला होता. शेजारच्यांना आपला वाटणारा मठ बंद करताना हेन्रीलाही त्रास झाला. उत्तरेत १५३६ साली त्यावरून मोठं बंड झालं होतं.

इतकं फिरून आता कल्याणला येऊ. गंमत म्हणून नाही, रस्ताच तसा आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशानं नोंदवलंय की 'कल्लियाना' येथे पर्शियात दीक्षा घेतलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे पर्शियाच्या आखातातून निघालेली गलबतं कल्याणला लागत, आणि त्याच कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर बोरिवलीच्या डोंगरातलं कान्हेरी उभं होतं. शंभराहून अधिक लेणी, पावसाचं पाणी अडवणाऱ्या पोढी, कातळात खोदलेल्या पन्हळी. (पाण्याच्या माणसानं कान्हेरीचा उतार आणि टाक्या एकदा तरी बघाव्यात, मी दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा मूर्ती बघायच्या राहिल्या.) सोनार, व्यापारी, त्यांच्या घरच्या बायका, सगळ्यांची नावं भिंतींवर आहेत.

त्या काळची देणगी म्हणजे आरतीच्या ताटातली चिल्लर नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. तीन हजार कार्षापण त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवले, दोन हजार महिना एक टक्क्यानं आणि एक हजार पाऊण टक्क्यानं, मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रं. वर्षाला बारा टक्के! १९९५ च्या सुमाराला आपल्या बँका देत तेवढेच. कान्हेरीत इ.स. ८४३ च्या सुमाराचा, शिलाहार पुल्लशक्तीच्या काळातला लेख आहे. त्यातल्या देणगीची वाटणी अशी: पूजेला वीस द्रम्म, विहाराच्या डागडुजीला तीन, भिक्षूंच्या वस्त्रांना पाच, आणि पुस्तकांना एक. पुस्तकांना एक! महाराष्ट्रातल्या ग्रंथालय अनुदानाची परंपरा किती जुनी आहे बघा.

मग कान्हेरी कुणी बंद पाडलं? देणग्यांचे ठळक उशिराचे लेख नवव्या शतकातले. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळी लेणी बघायला आली आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. दिल्लीच्या सुलतानाची माणसं ठाण्याला पोचली ती चौदाव्या शतकात. मधल्या तीनशे वर्षांत कान्हेरीला कुणी जाळलं? कुणीच नाही. कोकणचे राजे शिलाहार होते, ते अंबरनाथला सुंदर शिवालय बांधत होते. व्यापाऱ्याच्या नातवानं कान्हेरीला न देता दुसरीकडे दिलं, एवढंच. तो आपलाच पूर्वज, माझा आणि बंड्याचा. त्याच्यावर कुणी फॉरवर्ड लिहीत नाही, कारण त्यात खलनायक सापडत नाही.

"आणि नालंदा?" बंड्याचं हुकमी पान. बख्तियार खलजीच्या स्वाऱ्यांनी मगधातल्या विहारांचा विध्वंस केला हे खरं आहे, त्याला सौम्य करायचं मला कारण नाही. पण त्यानंतर तीसेक वर्षांनी, १२३४ ते १२३६ मध्ये, धर्मस्वामी नावाचा तिबेटी भिक्षू तिकडे आला होता. त्याला नालंदा उद्ध्वस्त स्थितीत दिसलं, पण चालू दिसलं! नव्वदी ओलांडलेले आचार्य राहुलश्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवत होते. जयदेव नावाचा एक ब्राह्मण उपासक त्यांना पोसत होता, आणि त्यासाठी तुर्कांच्या कैदेतही पडला. त्यानं कैदेतून निरोप धाडला की सैनिक येताहेत, पळा. सगळे पळाले, आणि धर्मस्वामीनं म्हाताऱ्या गुरूला पाठीवर घेऊन लपवलं. सैनिक गेल्यावर दोघं परत आले आणि पाठ पुढे चालू झाला. आग लागून गेलेल्या नालंदालाही एक जयदेव होता तोवर वर्ग भरत होता. आपल्याला खलजी पाठ आहे. जयदेवाचं नाव ग्रुपवरच्या एकशे बारा जणांपैकी किती जणांनी ऐकलंय? मीही पस्तिशीपर्यंत ऐकलं नव्हतं.

हे सगळं मी एवढ्या तावातावानं का लिहितोय, त्याचं कारण आता सांगतो. बंड्याचा फोटो आला त्याच आठवड्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या चिटणीस काकांचा फोन आला. वाचनालय बंद करताहेत. स्वातंत्र्याच्या आधीचं वाचनालय, ज्याच्या बाकावर बसून मी आणि बंड्यानं सुट्ट्या घालवल्या. माझ्या आजोबांनी १९७४ साली पणजीच्या नावानं पाच हजार रुपयांची कायम ठेव ठेवली होती, मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी पुस्तकं. उषवदाताचीच पद्धत. त्या व्याजात एके काळी कपाटाचा एक खण भरे. आता एक पुस्तक येतं, तेही पातळ. काकांना विचारलं, सभासद किती? म्हणाले, "वहीत एकशे चाळीस. वर्गणी भरणारे नऊ." मी त्या एकशे चाळिसांत आहे. शेवटची वर्गणी मी लीड्सला जायच्या आधी भरली होती, २०१२ साली. वर्षाची वर्गणी तेव्हा शंभर रुपये होती. इथे एका वेळच्या कॉफीला त्याहून जास्त पडतात.

बंड्याही त्या वहीत आहे. मी फोन केला. "तू भरलीस का रे?" तर म्हणाला, "अरे आता कोण वाचतं तिथे? सगळं मोबाइलवर मिळतं." मग जरा थांबून, "पण ते बंद व्हायला नको होतं यार. जागेवर कुणाचा डोळा असणार." बघा! वाचनालयालाही त्यानं पाच सेकंदांत एक खलजी शोधून दिला. डोळा असेलही कुणाचा, नाकारत नाही. जागा मोक्याची आहे, एसटी स्टँडसमोर.

काकांचं म्हणणं आहे की पुस्तकं शाळेला द्यायची, कपाटं विकायची, आणि आजोबांची ठेव मोडायला वारसाची सही लागेल, तर डिसेंबरात येशील तेव्हा करून जा. मी म्हटलं, ठेव मोडू नका. तर ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग जागेचं भाडं महिना बावीसशे, वीज वेगळी, आणि सुमनताईंना पंधरा महिने मानधन दिलेलं नाही. ते कसं करायचं?" वर्षाच्या भाड्याचे पैसे मी त्याच रात्री पाठवले. सुमनताईंचे बाकी आहेत. बंड्या म्हणाला ग्रुपवर विषय काढतो. तो सोमवार होता, आज शनिवार. ग्रुपवर काल त्यानं सोमनाथचा व्हिडिओ टाकलाय.